फोर्कलिफ्टवाला हवा होता, मी रेसर निवडला

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय थोडा वेगळा आहे. कोडिंग नाही, स्टार्टअप नाही. आज बोलायचंय फोर्कलिफ्टवर, आणि ती चालवणारा माणूस नोकरीवर कसा घ्यायचा यावर.

तुम्ही म्हणाल, तू बीटेकवाला, तुझा काय संबंध? तर ऐका. मी गोडाऊनचं सॉफ्टवेअर बनवतो. माल कुठल्या रॅकवर आहे, कुठे हलवायचा, ते सांगणारं. दोन वर्षांपूर्वी भिवंडीजवळच्या एका गोडाऊनमध्ये आमची सिस्टीम बसवत होतो. तिथे दोन ऑपरेटर घ्यायचे होते. मॅनेजर म्हणाले, "तुझ्याकडे डेटा आहे, तूच सांग कोण बरा." मी खूश! कॉन्ट्रॅक्टरने पाच जण पाठवले. मी ट्रायल ठेवली, डॅशबोर्ड उघडला, आणि तासाला सर्वात जास्त पॅलेट हलवणारे दोघे निवडले. सिम्पल.

अकराव्या दिवशी त्यातल्या एकाने वळताना गाडीची शेपटी रॅकच्या खांबावर घातली. खांब वाकला. त्या जागेवरून एक लोडर दादा जेमतेम मिनिटभर आधी पाणी प्यायला गेले होते. कुणाला खरचटलंही नाही. पण मी त्या रात्री झोपलो नाही. कारण पोरगा वाईट नव्हता. मी त्याला ज्यासाठी निवडलं होतं, तेच तो करत होता. वेगात चालवत होता.

मग मी हा विषय शिकायला बसलो. थोडक्यात सांगतो.

फोर्कलिफ्ट म्हणजे चाकांवरचा सी-सॉ. पुढची चाकं म्हणजे मधला टेकू. एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला गाडीचं वजन. म्हणून तर दोन-अडीच टन उचलणारी गाडी स्वतः साडेतीन-चार टनांची असते. आता माल फोर्कच्या टोकाकडे सरकला तर काय होईल? सी-सॉवर मागे सरकून बसणारा मित्र आठवा. वजन तेवढंच, पण जोर वाढतो. गाडीवर एक प्लेट असते. तिच्यावर किती वजन, किती अंतरावर आणि किती उंचीपर्यंत उचलायचं ते लिहिलेलं असतं. अंतर बऱ्याचदा 500 मिलिमीटर धरलेलं असतं. माल त्यापेक्षा लांबट असेल तर गाडीची ताकद कमी होते. "अडीच टनाची गाडी आहे, अडीच टन उचलते" हे अर्धसत्य आहे.

दुसरी गोष्ट, फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते. कार चालवणाऱ्याला हे पटकन कळत नाही. पुढचं तोंड थोडंसं वळतं आणि मागची शेपटी बाहेर फेकली जाते. आमचा खांब असाच वाकला. म्हणजे ज्याच्याकडे कारचं लायसन्स आहे, त्याला फोर्कलिफ्ट येतेच असं नाही.

दुसऱ्यांदा माणूस घ्यायची वेळ आली तेव्हा मी डॅशबोर्ड बंद ठेवला. गोडाऊनमधल्या जुन्या सुपरवायझर काकांना सोबत घेतलं. आम्ही चार गोष्टी बघितल्या.

एक, कागद. ट्रेनिंग कुठे घेतलं, किती दिवस, आणि कुठल्या गाडीवर? साधी फोर्कलिफ्ट वेगळी, अरुंद गल्लीत चालणारी रीच ट्रक वेगळी. एकीचं सर्टिफिकेट दुसरीला चालत नाही. आणि कागद जुना असेल तर पुन्हा तपासा. अमेरिकेत तर नियमच आहे, दर तीन वर्षांनी ऑपरेटरची पुन्हा चाचणी.

दोन, चावी लावायच्या आधीची पाच मिनिटं. चांगला माणूस गाडीभोवती फेरी मारतो. टायर, साखळी, फोर्क, तेलाची गळती, हॉर्न, ब्रेक. जो थेट उडी मारून बसतो, त्याची परीक्षा तिथेच अर्धी संपली.

तीन, चालवणं. फोर्क जमिनीपासून वीतभरच वर आहेत का? मालामुळे समोरचं दिसत नसेल तर रिव्हर्स घेतो का? भरलेल्या गाडीने उतार उतरताना माल चढाच्या बाजूलाच ठेवतो का? गल्लीच्या तोंडाशी थांबून हॉर्न देतो का? कुणी हेल्पर "मला फोर्कवर वर ने" म्हणाला तर?

चार, प्रश्न. एकच विचारला तरी चालेल: "गाडी कलंडायला लागली तर काय कराल?" बहुतेक जण म्हणतात, "उडी मारेन." चुकीचं! उडी मारणारा माणूस गाडीखालीच सापडू शकतो. बेल्ट लावलेला हवा, स्टीअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि गाडी ज्या बाजूला पडतेय त्याच्या उलट कलायचं.

तर त्या दिवशी आम्ही मुद्दाम एक फुटकी फळी असलेलं पॅलेट ठेवलं होतं. दोघांनी न बघता उचललं. तिसरे होते जालन्याचे, चाळिशीचे, कमी बोलणारे. खाली वाकून बघितलं आणि उतरले.

मी म्हटलं, "काका, गाडी भरायचीय, उशीर होतोय."

ते म्हणाले, "सर, पॅलेट बदलून द्या. मग उचलतो. हे मी उचलणार नाही."

मी मुद्दाम आवाज चढवला. "नोकरी हवीय ना तुम्हाला?"

"हवीय. पण खाली माणसं आहेत."

काकांनी माझ्याकडे बघितलं. झाला इंटरव्ह्यू.

ते काका तासाला पहिल्या पोरापेक्षा कमी पॅलेट हलवतात. मी आकडे बघतो ना रोज! पण फुटलेला माल कमी झाला, रॅक सरळ उभे आहेत, आणि लोडर त्यांच्या गल्लीत निवांत काम करतात. शेवटचं माझ्या डॅशबोर्डवर दिसत नाही.

आणि तो पहिला पोरगा? त्याला काढू नका असं मीच सांगितलं. चूक मोजणाऱ्याचीही होती. त्याला नीट ट्रेनिंग दिलं, काही आठवडे काकांच्या हाताखाली ठेवलं. आता तोही गाडीभोवती फेरी मारतो. आणि मी स्क्रीनवरून "तासाला पॅलेट" हा मोठा हिरवा आकडा काढून टाकला.

तुमच्यापैकी कुणी गोडाऊनमध्ये काम करत असेल, किंवा घरातलं कुणी फोर्कलिफ्ट चालवत असेल, तर त्यांना हा भाग ऐकवा. आणि आज घरी आल्यावर एक विचारा: "तुम्ही नाही म्हणालात, तर तुमचे साहेब ऐकतात का?"

उत्तर मला कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!