न झालेल्या कचऱ्याचा हिशेब

जे घडले त्याची मोजदाद करणे सोपे असते. जे घडू दिले नाही त्याची मोजदाद करणे अवघड. रुग्णालयात किती रोगी आले हे नोंदवहीत सापडते; परंतु पाणी उकळून प्यायल्यामुळे किती जण आजारीच पडले नाहीत, हे कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. कचऱ्याच्या बाबतीत नेमकी हीच अडचण आहे. गोळा केलेला कचरा वजनकाट्यावर चढतो. निर्माणच न झालेला कचरा कोणत्या काट्यावर चढवावयाचा?

भारत सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी एक श्रेष्ठताक्रम सांगितला होता. कचरा होऊ न देणे हे सर्वांत उत्तम. त्यानंतर कमी करणे, पुन्हा वापरणे, नवे रूप देणे, आणि अगदी शेवटी पुरणे. परंतु ज्या पायरीला पहिला मान, तिचेच माप सर्वांत दुबळे. किती गाड्या फिरल्या, किती टन उचलले, किती खत झाले, याचेच आकडे सामान्यतः सांगितले जातात. हे सारे आकडे कचरा झाल्यानंतरचे आहेत.

ही गोष्ट समजावून घेण्यास दुर्ग-भिलाई या जोडनगरातील पद्मनाभपुरासारखी वसाहत सोयीची आहे. कारण तिच्या शेजारीच भिलाईचा पोलाद कारखाना आहे. तेथील पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. लोखंडाबरोबर भट्टीतून धातुमळीही बाहेर पडते. खनिजातील माती आणि कोकमधील राख चुनखडीशी एकजीव होऊन ही मळी बनते. पूर्वी जिचे ढीग पडत, ती मळी आज सिमेंटच्या कामी येते. ही गोष्ट स्तुत्य खरीच. परंतु सारी मळी सिमेंटला गेली, तरी मळी कमी झाली असे होत नाही. तिचे खरे माप निराळे आहे : एक टन लोखंडामागे किती किलो मळी निघाली? खनिज स्वच्छ आणि कोळसा कमी राखेचा असेल, तर हा आकडा उतरतो. मात्र खनिज खाणीवरच धुतले, तर त्यातील माती खाणीच्या तळ्यात साचते. तेव्हा कारखान्याचा कचरा घटला, पण खाणीचा वाढला. हिशेबाची सीमा कोठे आखावयाची, हा म्हणूनच पहिला प्रश्न होय.

शहरांतही हेच घडते. मुंबईत २०१५ च्या सुमारास रोज सुमारे साडेनऊ हजार टन कचरा मोजला जाई. पुढील काही वर्षांत तो सात-साडेसात हजार टनांच्या आसपास आला. ही घट लहान नाही. परंतु तिच्यात अनेक गोष्टी मिसळल्या आहेत. रोज शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या मोठ्या संकुलांनी ओला कचरा आपल्याच आवारात जिरवावा, असा आग्रह महापालिकेने २०१७ पासून धरला. बांधकामाचा राडारोडाही निराळा मोजला जाऊ लागला. आवारात खत झालेला कचरा काट्यावर आला नाही, हे चांगलेच झाले; तथापि तो निर्माण झाला होता. काट्यावरची घट म्हणजे सारी निर्मितीतील घट नव्हे.

याहून फसवी घटही असते. कोणी कचरा जाळला, कोणी नाल्यात लोटला, तरी काटा हलकाच दिसतो. २०२० साली टाळेबंदीत बाजार आणि उपाहारगृहे बंद होती. तेथील कचरा आटला, म्हणून त्याचे श्रेय धोरणाला देता येत नाही. महाराष्ट्राने २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. तेथे जप्त मालाचे वजन हे यशाचे माप मानले, तर विचित्र निष्कर्ष निघेल : बंदी जितकी मोडली जाईल, तितकी ती यशस्वी!

मग माप घ्यावयाचे कसे? धोरण सुरू होण्यापूर्वीच आरंभीची स्थिती नोंदवून ठेवावी. नंतर ती शोधू गेल्यास हाती लागत नाही. माणशी हिशेब धरावा, कारण शहर वाढते. ठराविक घरांचा कचरा निरनिराळ्या ऋतूंत वेगवेगळा करून तोलावा. पावसाळ्यातील भिजलेला आणि उन्हाळ्यातील आंब्याच्या कोयींचा कचरा एकाच मापाने जोखता येत नाही. आणि कचराकुंडीइतकेच लक्ष दुकानाकडे द्यावे : किती वेष्टने विकली गेली, किती वस्तू दुरुस्त झाल्या? समजा, पद्मनाभपुरातील एखाद्या मंडळाने गणेशोत्सवाच्या जेवणावळीला भाड्याची स्टीलची ताटे आणली. तर किती पाने उठली त्यावरून न झालेल्या कचऱ्याचा अंदाज सहज बांधता येतो. शिवाय जेवण उरले किती, हेही लिहून ठेवावे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ च्या अहवालात भारतीय घरांत माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जाते, असा अंदाज आहे. दुकानांतील आणि घरांतील ही नासाडी २०३० पर्यंत निम्मी करण्याचे जगाचे उद्दिष्ट आहे. निम्मी म्हणजे कशाच्या निम्मी, हे आरंभीच्या मोजणीवाचून ठरणार कसे?

या आकड्यांमागे माणसे आहेत, हेही विसरता कामा नये. छत्तीसगडमध्येच अंबिकापूर येथे बचत गटांच्या स्त्रिया घरोघरचा कचरा गोळा करून त्याचे बारकाईने वर्गीकरण करतात. त्या शहराला २०२० साली कचरामुक्तीचे पंचतारांकित मानांकन मिळाले. त्यांची मिळकत घरोघरून घेतल्या जाणाऱ्या मासिक शुल्कातून आणि निवडलेल्या मालाच्या विक्रीतून येते. तेथेच २०१९ साली एक किलो प्लास्टिकच्या मोबदल्यात जेवण देणारे उपाहारगृह निघाले. भुकेल्याला अन्न मिळाले, रस्ता स्वच्छ झाला. दोन्ही गोष्टी मोलाच्या. परंतु उद्या प्लास्टिक खरोखरच कमी झाले, तर त्या ताटाचे आणि त्या विक्रीचे काय? टनावर पैसे मिळणाऱ्याला, मग तो ठेकेदार असो की कष्टकरी स्त्री, कचरा घटण्यात तोटाच दिसणार. कमी कचऱ्याचे धोरण जर त्यांच्या पोटावर येणार असेल, तर ते न्याय्यही होणार नाही आणि टिकणारही नाही.

म्हणून मोबदला वजनाला न बांधता सेवेला बांधावा. वर्गीकरण करणारे हातच मोजणीच्या कामी लावावेत. कोणत्या गल्लीतून काय येते आणि काय येईनासे झाले, हे त्यांच्याइतके अन्य कोणास ठाऊक असणार? ज्या दिवशी रिकाम्या परतलेल्या गाडीचाही पूर्ण मोबदला मिळेल, त्या दिवशी कचरा टाळण्याचे धोरण कागदावरून उतरून व्यवहारात आले, असे खुशाल समजावे.