दुसऱ्याचा सांगावा वाहायचा की आपली बातमी सांगायची?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात, रिसोड येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून आम्ही दोन शब्द बोलणार आहोत. समितीने विषय दिला, "भाषा, यंत्र आणि समाजातील माहिती." विषय मोठा आहे आणि आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जिनिंगमध्ये रेच्यावर काम करता करता जे वाचले, जे भोगले, तेवढेच सांगतो. कुठे चुकलो तर उठून विचारा. विहारात विचारण्याची मुभा आहे, आणि आज आम्हाला तेच सांगायचे आहे.

बंधूंनो, आपल्या आज्या-पणज्याच्या काळात खेड्यात बातमी कशी जात होती? गावात मयत झाली की सोयऱ्याच्या गावी सांगावा घेऊन कोण जायचा? आपला माणूस. पाटलाचा निरोप कोण न्यायचा? आपला माणूस. दवंडी कोण द्यायचा, सरकारी कागद ठाण्यापर्यंत कोण पोचवायचा? तोही आपलाच माणूस. ऊन असो, पाणी असो, पायी जायचे. आज पोस्ट आणि टेलिफोन जे काम करतात ते आपल्या पूर्वजांचे पाय करत होते. यालाच महारकी म्हणत.

आता विचार करा. सगळ्या गावाची माहिती आपल्या पायांवर चालत होती, पण त्यात आपली माहिती कोणती होती? एकही नाही. हातात कागद असायचा, तो वाचता येत नव्हता. सांगावा उंबऱ्याबाहेर उभे राहून ओरडून द्यायचा. "हे खरे आहे का? यात आमचे काय?" असे विचारण्याचा अधिकार नव्हता. बातमी वाहून नेणे वेगळे आणि बातमी आपली असणे वेगळे. हा फरक ध्यानात ठेवा.

आधी भाषेचे पाहू. विनयपिटकात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू भाऊ भगवंतांकडे गेले आणि म्हणाले, नाना जातीचे, नाना गावचे लोक संघात आले आहेत, ते आपापल्या बोलीत धम्मवचन बोलून ते बिघडवतात, आम्ही ते छंदस् भाषेत बसवतो. भगवंतांनी नकार दिला. आपापल्या बोलीत धम्म शिकण्याची अनुज्ञा दिली. बंधूंनो, ही लहान गोष्ट नाही. ज्ञान एका वर्गाच्या भाषेत कोंडले की ते त्या वर्गाच्या मालकीचे होते, हे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखले होते.

सम्राट अशोकाने हीच वाट धरली. त्याने आपले लेख लोकांच्या प्राकृतात कोरले. बहुतेक ठिकाणी ब्राह्मी लिपी, वायव्येकडे खरोष्ठी, आणि कंदाहारला तर ग्रीक व अरमाईक भाषेत. आपल्या महाराष्ट्रात सोपाऱ्याला त्याच्या शिलालेखाचे तुकडे मिळाले आहेत. दगड हे त्या काळचे टिकाऊ यंत्रच म्हणा. पण अशोकाला ठाऊक होते की सगळ्यांना वाचता येत नाही. म्हणून कलिंगातल्या लेखांत आज्ञा आहे की तिष्य नक्षत्राच्या दिवशी हा लेख लोकांना वाचून ऐकवावा. पुढे ती लिपीच लोक विसरले. दगड उभे होते, अक्षरे होती, पण वाचणारा नव्हता. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली तेव्हा अशोक पुन्हा बोलू लागला. यंत्र कितीही मजबूत असो, वाचणारा माणूस तयार नसेल तर ते मुकेच.

दूर कशाला जाता, आपल्या वाशीमचेच उदाहरण घ्या. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला, चौथ्या शतकातला. त्यात राजाच्या वंशाची थोरवी संस्कृतात आहे आणि गाव दान दिल्याचा व्यवहाराचा मजकूर प्राकृतात आहे. म्हणजे मिरवायचे त्या भाषेत मिरवले, पण हुकूम पाळला जावा असे वाटले तेव्हा राजालाही लोकांच्या भाषेत यावे लागले.

आता छापखान्याकडे येऊ. छपाई आली, पण खिळे जुळवणारे हात कोणाचे आणि काय छापायचे हे ठरवणारे डोके कोणाचे? म्हणून सत्यशोधकांनी आपले पत्र काढले. 'दीनबंधु' १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी सुरू केले आणि नंतर ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवले. लोखंडे गिरणीत नोकरी केलेले. त्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली, आणि १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. आपण रविवारी विहारात जमतो तेव्हा या माणसाची आठवण ठेवली पाहिजे. आपल्या विदर्भात नागपूरला किसन फागुजी बनसोडे यांनी स्वतःचा छापखाना घातला आणि 'निराश्रित हिंद नागरिक', 'मजूर पत्रिका', 'चोखामेळा' अशी पत्रे काढली.

आणि मग ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली. 'केसरी'ने मात्र पैसे देऊनसुद्धा 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही. पाहा, बातमी छापणे दूर राहिले, विकत घेतलेली जागासुद्धा मिळाली नाही. यंत्र ज्याच्या हातात, तोंड त्याचेच. पुढे १९२७ साली 'बहिष्कृत भारत' आले, १९३० साली 'जनता' आले, आणि 'जनता'चेच १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' झाले. नावे एका ओळीत ठेवून पाहा. मूक होतो, बहिष्कृत होतो, जनता झालो, प्रबुद्ध झालो.

बाबासाहेब कोलंबियात शिकले, लंडनमध्ये शिकले. १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे त्यांनी साक्ष दिली ती इंग्रजीत, कारण ऐकणारा राज्यकर्ता होता. आपल्याशी बोलायचे तेव्हा ते मराठीत बोलले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा दिल्या त्याही मराठीत. ज्या माउलीला सही येत नव्हती तिनेही त्या अर्थासकट घेतल्या. म्हणूनच त्या घराघरात रुजल्या. 'जनता'चा अंक एक जण मोठ्याने वाचायचा आणि दहा जण बसून ऐकायचे, अशी आपल्या वस्त्यांची रीत होती. ऐकून झाले की चर्चा व्हायची. न कळलेले विचारले जायचे.

मातांनो, भगिनींनो, भाषा न कळल्याने काय होते ते आम्ही अंगावर झेलले आहे. १९९० च्या दशकातली गोष्ट. एका जिनिंगमध्ये आम्ही हंगामाचे काम करत होतो. रेचे सुरू असले की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, आम्ही हाताच्या खुणांनी बोलायचो. ती खुणांची भाषा आमची होती, तिच्यात कधी फसवणूक झाली नाही. हंगाम संपताना मुकादमाने इंग्रजीत टाईप केलेला कागद पुढे केला. म्हणाला, "हिशेबाचा कागद आहे, सह्या करा." आम्ही केल्या. काहींनी अंगठे दिले. पुढच्या हंगामाला जुन्या कामाचा हक्क मागायला गेलो तेव्हा कळले की आम्ही राजीखुशीने काम सोडले आणि आमचे काही घेणे उरले नाही, असे त्यात लिहिले होते. भांडायला तोंड राहिले नाही. सही आमचीच होती ना! त्या रात्री आम्ही ठरवले की न वाचलेल्या कागदावर सही करायची नाही आणि दुसऱ्यालाही करू द्यायची नाही. आमचे शिक्षण तिथून सुरू झाले.

आज कागदाची जागा मोबाईलने घेतली आहे. आम्ही मोबाईलच्या विरोधात नाही. सातबारा घरबसल्या पाहता येतो, पोरांच्या शिष्यवृत्तीची तारीख कळते, पुण्या-मुंबईला गेलेल्या लेकाचे तोंड दिसते. माहितीचा अधिकार कायदा २००५ साली आला. त्याखाली अर्ज मराठीत करता येतो, साध्या कागदावर करता येतो, दहा रुपये फी लागते, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही लागत नाही, आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. ज्याचा आजा सरकारी कागद न वाचता वाहून नेत होता, त्याचा नातू आज सरकारला "कागद दाखवा" म्हणू शकतो. ही बाबासाहेबांच्या संविधानाची ताकद आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि त्याच दिवशी पाली व प्राकृतलाही दिला. आनंदाची गोष्ट आहे. पण ज्या म्हाताऱ्या मायला बँकेचा इंग्रजी मेसेज वाचता येत नाही आणि जी फोनवरच्या भामट्याला ओटीपी सांगून बसते, तिला त्या दर्जाचा काय उपयोग?

आणि आता कळीची गोष्ट. भाषा आपली आहे, यंत्रही आपल्या खिशात आहे, तरी घात होऊ शकतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच माणसे जमावाने ठेचून मारली. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती, भिक्षा मागून पोट भरणारी भटकी माणसे, सोलापूर जिल्ह्यातून आलेली. पोरे पळवणारी टोळी आली, अशी अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. पोर कोणाचेच पळवले नव्हते. मेले कोण? आपल्यासारखेच गोरगरीब. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण यंत्राला मर्यादा घालून भागत नाही, माणसाच्या मनाला घालावी लागते.

त्याच दिवसांत आपल्या इकडेही एक नंदीबैलवाला वस्तीत आला होता. पाच-सहा पोरांनी त्याला घेरले. हातात मोबाईल, त्यात तोच मेसेज. एक म्हातारी मध्ये गेली. म्हणाली, "काहून रे, तू आपल्या डोयानं पाह्यलं का? कोन्या गावचं पोर गेलं? त्याच्या मायचं नाव सांग!" एकालाही उत्तर देता आले नाही. पोरे मान खाली घालून निघून गेली. त्या माउलीने कालामसुत्त वाचले नव्हते, पण ती कालामसुत्तच बोलत होती. केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी हेच सांगितले. ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरेने आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. स्वतः पारखा, हिताचे की अहिताचे ते पाहा, मग स्वीकारा.

तरुण मित्रांनो, राग मानू नका, पण एक कडू गोष्ट सांगतो. कोणी पाठवले माहीत नाही, खरे की खोटे माहीत नाही, आला मेसेज की ढकल पुढे. ही महारकी नाही तर काय आहे? बाबासाहेबांनी महारकी सोडायला लावली. आता आपण बोटाने तीच करतो, आणि ज्याचा सांगावा वाहतो तो धनी दिसतही नाही. बाबासाहेबांच्या फोटोखाली त्यांनी कधी न बोललेली वाक्ये आपलीच पोरे फिरवतात. शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे खंड प्रसिद्ध केले. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. अठराव्या खंडात बाबासाहेबांची मराठी भाषणे आहेत. खंड असताना खोटे वाक्य फिरवणे हा बाबासाहेबांचा अपमान आहे.

म्हणून या वर्धापन दिनी तीन गोष्टींचा संकल्प करू. पहिली, विहाराच्या दारात एक फळा लावू. त्यावर शिष्यवृत्ती, घरकुल, मतदार यादी यांची माहिती मराठीत लिहू आणि खाली लिहिणाऱ्याचे नाव टाकू, म्हणजे विचारायला माणूस सापडेल. दुसरी, दर रविवारी वंदनेनंतर बाबासाहेबांच्या मराठी भाषणातली दोन पाने मोठ्याने वाचू आणि त्यावर बोलू. तिसरी, शिकलेल्या मुला-मुलींनी रविवारी एक तास विहारात बसावे आणि ज्याला वाचता येत नाही त्याचा कागद, त्याचा मेसेज वाचून समजावून द्यावा. आमच्या त्या कागदाच्या वेळी असे एखादे पोर जवळ असते तर आमचे हात थांबले असते.

गिरणीचा भोंगा साऱ्या गावाला ऐकू येतो, पण भोंग्याला कोणी प्रश्न विचारू शकत नाही. विहार भोंगा नाही. इथे सांगणारा समोर बसलेला असतो आणि त्याला विचारता येते. ही रीत आपण मोबाईलमध्येही नेली पाहिजे. मेसेज पुढे ढकलण्याआधी त्या म्हातारीचा प्रश्न स्वतःला विचारा, "तू आपल्या डोयानं पाह्यलं का?"



जयभीम! नमो बुद्धाय!