पाहणे आणि उमगणे
(वार्षिक सभेतील भाषण)



तान्हे बाळ टक लावून पाहू लागले की घरची मंडळी कौतुकाने म्हणतात, “ओळखायला लागलं हो!” परंतु ओळखण्याच्याही आधी बाळाला एक अवघड काम साधावे लागते. रंग आणि रेषांच्या गर्दीतून एक वस्तू कोठे संपते व दुसरी कोठे सुरू होते, हे त्याला उमगावे लागते.

१९८३ साली फिलिप केलमन व एलिझाबेथ स्पेल्की या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ४ महिन्यांच्या बाळांना एक काठी दाखवली. तिचा मधला भाग ठोकळ्याआड होता. वरचा व खालचा भाग मात्र बरोबरीने डावीउजवीकडे सरकत होता. ते दृश्य सवयीचे झाल्यावर बाळांना ठोकळ्याविना कधी अखंड काठी, तर कधी दोन तुकडे दाखवले. बाळे तुकड्यांकडे अधिक वेळ पाहत राहिली. म्हणजे तुकडे त्यांना नवे वाटले, अखंड काठी परिचित. काठी स्थिर ठेवली तेव्हा मात्र असा फरक आढळला नाही. जे एकत्र हलते ते एक, हा दृष्टीचा आरंभीचा धडा होय.

या धड्याचा प्रत्यय आपल्या देशातही आला. डॉ. पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पातील २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मापासून दृष्टीला वंचित राहिलेल्या आणि ७, १३ व २९ या वयांत उपचार लाभलेल्या तिघांची पाहणी होती. उपचारानंतर त्यांना दिसू लागले, पण एकाच वस्तूवरील निरनिराळ्या रंगांचे भाग त्यांना स्वतंत्र वस्तू वाटत. आकृती हलू लागली की ती सलग उमगे. काही महिन्यांनी स्थिर चित्रांतही त्यांची प्रगती दिसली.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली पालकांसाठी. बाळाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, डोळे सतत थरथरत असले किंवा ३ महिन्यांनंतरही नजर स्थिरावत नसली, तर ‘मोठेपणी बघू’ असे म्हणू नये. जन्मजात दाट मोतीबिंदूची शस्त्रक्रिया साधारण पहिल्या दोन महिन्यांतच व्हावी लागते. पांढरी झाक क्वचित डोळ्यातील कर्करोगाचेही लक्षण असते. मात्र उशीर झाला म्हणून आशा सोडण्याचेही कारण नाही.

दुसरी गोष्ट दात्यांसाठी. शस्त्रक्रियेने प्रकाश आत येतो. पाहणे मेंदूला शिकावे लागते. त्यासाठी चष्मा, चांगल्या डोळ्यावरील पट्टी आणि वर्षानुवर्षे तपासणी हवी. खेड्यातील कुटुंबाला पुनःपुन्हा येण्याचे गाडीभाडे आणि बुडणारी मजुरीच जड जाते. शस्त्रक्रियेचा खर्च सर्वांना दिसतो, पाठपुराव्याचा दिसत नाही. आपल्या दानाचा एक वाटा या न दिसणाऱ्या खर्चासाठी राखावा, अशी नम्र विनंती करतो.