सीडी मरायच्या आत तिची इमेज काढून ठेवा

(या भागाचं लेखी रूप. बोलण्यातली भाषा बऱ्यापैकी तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय जरा माळ्यावरच्या खोक्यातला आहे. सीडी, डीव्हीडी आणि त्यांच्या इमेज फाइल.

तुमच्यातले बरेच जण म्हणतील, सीडी आता कोण वापरतं? बरोबर आहे. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह येतच नाही. पण म्हणूनच हा भाग करतोय.

गेल्या महिन्यात एका श्रोत्या मैत्रिणीचा मेसेज आला. तिच्या बाबांचं गावात डीटीपीचं दुकान होतं. दुकान बंद झालं, कॉम्प्युटर भंगारात गेला, पण तीसेक सीड्या घरात राहिल्या. शाळेची स्मरणिका, गावातल्या लोकांनी लिहिलेली छोटी पुस्तकं, पत्रिका, सगळं त्यात आहे. तिने एक सीडी मित्राच्या लॅपटॉपवर घालून पाहिली. पेजमेकरच्या फाइल उघडल्याच नाहीत. वर्डची एक उघडली, तर आत मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. तिचा प्रश्न एका ओळीचा होता, "हे सगळं गेलं का?"

उत्तर आहे, नाही गेलं. पण घाई करायला हवी. का आणि कशी, ते बघू.

इमेज म्हणजे नक्की काय?

समजा तुमच्याकडे एक जुनी वही आहे. त्यातला मजकूर तुम्ही नव्या वहीत उतरवून काढला, तर मजकूर आला, पण पान नंबर, समासातल्या खुणा, आतली चिठ्ठी हे राहून गेलं. सीडीवरच्या फाइल कॉपी-पेस्ट करणं म्हणजे हे. इमेज काढणं म्हणजे त्या वहीची पानन् पान झेरॉक्स. सीडी जशी आहे तशी, एकाच फाइलमध्ये. सीडीचं नाव, फोल्डरची रचना, कॉम्प्युटर सुरू होताना लागणारा बूटचा भाग, सगळं त्यात येतं.

या फाइलला आपण आयएसओ म्हणतो. हे नाव आयएसओ ९६६० या मानकावरून आलं. सीडीवर फाइल कशा मांडायच्या याचे नियम त्यात आहेत आणि ते १९८८ सालचं आहे. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा वयाने मोठं!

थोडा हिशोब करू. सीडी लहान लहान सेक्टरमध्ये विभागलेली असते. एका सेकंदात ७५ सेक्टर. ८० मिनिटांच्या सीडीवर ३,६०,००० सेक्टर. प्रत्येकात २०४८ बाइट डेटा. गुणाकार करा, ७३ कोटी ७२ लाख ८० हजार बाइट येतात. 'सातशे एमबीची सीडी' ती हीच.

पण खरं तर प्रत्येक सेक्टर २३५२ बाइटचा असतो. डेटा सीडीत उरलेले ३०४ बाइट मुख्यतः चुका पकडायला आणि दुरुस्त करायला वापरतात. आयएसओ फाइल हे ३०४ बाइट सोडून देते. साध्या डेटा सीडीला त्याने काही फरक पडत नाही. पण गाण्यांच्या सीडीत पूर्ण २३५२ बाइट आवाजच असतो. आणि जुन्या कितीतरी गेममध्ये पहिला ट्रॅक डेटाचा आणि पुढचे गाण्यांचे असतात. त्यांची आयएसओ काढली की गेम चालतो, पण मुका. अशा वेळी बिन आणि क्यू अशी फाइलची जोडी काढायची. बिनमध्ये कच्चा माल, आणि क्यू ही साधी टेक्स्ट फाइल, कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो ते सांगणारी. तिच्यात बिन फाइलचं नाव लिहिलेलं असतं. म्हणून बिनचं नाव बदललंत तर क्यू नोटपॅडमध्ये उघडून तिथेही बदला. 'गेम लोड होत नाही' म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासा.

इमेज काढायची कशी?

ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह घ्या, किंवा ओळखीतल्या कुणाकडून आणा.

विंडोजवर आयएसओवर डबल क्लिक केलं की ती खऱ्या सीडीसारखी उघडते. ही सोय विंडोज ८ पासून आहे. पण सीडीची इमेज काढायला वेगळा प्रोग्रॅम लागतो. इमगबर्न हा त्यातला जुना आणि फुकट. उबंटूवर 'डिस्क्स' नावाच्या ॲपमध्ये इमेज काढण्याचा पर्याय आहे, मॅकवर डिस्क युटिलिटीत आहे.

सीडी खराब असेल तर साध्या प्रोग्रॅमच्या नादी लागू नका. तो एका वाईट सेक्टरवर अडकून बसतो. लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. तो आधी चांगला भाग पटापट वाचून घेतो, वाईट जागा एका मॅप फाइलमध्ये नोंदवतो आणि मग परत परत तिथे प्रयत्न करतो. मधे बंद केला तरी उद्या तिथूनच पुढे सुरू. दुसऱ्या ड्राइव्हवर तीच सीडी घालून तीच मॅप फाइल दिली, तर पहिल्याने सोडलेले सेक्टर कधी कधी दुसरा वाचतो.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. सीडीची चकचकीत बाजू आपण जपतो, पण जास्त नाजूक असते वरची, लेबलची बाजू. डेटाचा थर त्या बाजूला, पातळ लॅकरच्या लगेच खाली असतो. खालचा ओरखडा पॉलिश करून निघू शकतो. वरून थर खरवडला गेला तर तो डेटा गेलाच. म्हणून बॉलपेनने लिहू नका आणि जुना स्टिकर ओढून काढू नका. घरी राइट केलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो ऊन आणि उष्णतेने खराब होतो. घाई करा म्हणालो ते यासाठी.

इमेज झाली की तिचा हॅश काढून ठेवा, शा-२५६ चालेल. हा फाइलच्या बोटाचा ठसा समजा. पाच वर्षांनी परत हॅश काढला आणि तोच आला, तर फाइलचा एक बाइटही बदललेला नाही.

एम्युलेटर की व्हर्च्युअल मशीन?

आता इमेज आहे, पण ती चालवायची कशात? इथे लोक दोन गोष्टींत गोंधळतात.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे तुमच्याच घरात ठेवलेला भाडेकरू. खोली वेगळी, पण भाषा तुमचीच. आतला विंडोज एक्सपी तुमच्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर थेट चालतो, म्हणून वेग चांगला मिळतो. व्हर्च्युअलबॉक्स हे त्याचं उदाहरण.

एम्युलेटर म्हणजे दुभाषा. आतल्या प्रोग्रॅमची भाषा वेगळी आहे, मग प्रत्येक सूचना भाषांतर करून सांगावी लागते. प्लेस्टेशनचा प्रोसेसर वेगळा, म्हणून तिथे एम्युलेटर. भाषांतराला वेळ लागतो, पण कोणतंही मशीन कुठेही चालवता येतं.

हा फरक कामाचा आहे. ॲपलने २०२० पासून मॅकमध्ये स्वतःची एम-वन वगैरे चिप टाकली, ती आर्म पद्धतीची. तिच्यावर जुना एक्सपी व्हर्च्युअल मशीन म्हणून थेट चालत नाही, क्यूईएमयू किंवा यूटीएममधून एम्युलेट करावा लागतो. आणि विंडोज ९८ ला तर इंटेलच्या लॅपटॉपवरही ८६बॉक्ससारखा एम्युलेटर जास्त मानवतो, कारण तो त्या काळचा साउंड कार्ड, ग्राफिक्स कार्ड सगळं हुबेहूब उभं करतो.

आता त्या डीटीपीच्या सीड्या

मराठीच्या जागी खिचडी का दिसते? युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण विंडोजमध्ये ती नीट आली विंडोज २००० पासून. त्याआधी, आणि छपाईच्या धंद्यात त्यानंतरही बरीच वर्षं, मराठी म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेला फॉन्ट. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरच असतं, फॉन्ट त्याला 'क' दाखवतो. फॉन्ट गेला की मराठी गेली. मजकूर हरवलेला नाही, त्याची किल्ली हरवली आहे.

मग करायचं काय? आधी सगळ्या सीड्यांच्या इमेज काढा. फॉन्टची आणि पेजमेकरची सीडी असेल तर तिची सर्वात आधी. मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक मशीन बनवा. एक्सपीच्या तुमच्या मूळ सीडीची आयएसओ त्याच्या ऑप्टिकल ड्राइव्हला जोडा आणि इन्स्टॉल करा. ५१२ एमबी रॅम आणि १० जीबी डिस्क पुरते. नेटवर्क बंद ठेवा. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला, त्याला नेटवर सोडू नका. मग स्नॅपशॉट घ्या, म्हणजे काही बिघडलं तर एका क्लिकवर मागे येता येतं.

पुढे एक इमेज काढून दुसरी घालायची, खरी सीडी बदलावी तशी. प्रोग्रॅम, फॉन्ट, मग कामाच्या फाइल. सॉफ्टवेअरला यूएसबीचा हार्डवेअर लॉक असेल तर तो व्हर्च्युअल मशीनला जोडून देता येतो. प्रिंटरच्या जुन्या पोर्टचा लॉक असेल तर मात्र त्रास आहे, तिथे जुना कॉम्प्युटरच शोधा.

फाइल उघडली आणि मराठी दिसली की तिथेच थांबू नका. एक्सपीमध्ये पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर बसवा, 'प्रिंट टू फाइल' करा आणि ती फाइल घोस्टस्क्रिप्टने पीडीएफ करा. फॉन्टचे आकार पीडीएफच्या आत जातात, म्हणजे पान कुठल्याही फोनवर दिसेल. मशीनमधून फाइल बाहेर काढायचा सोपा रस्ता सांगतो. मशीन बंद करा आणि त्याची व्हीडीआय फाइल सेव्हन-झिपने उघडा, आतली फोल्डरं दिसतात. मजकूर परत वापरायचा असेल तर त्या फॉन्टसाठीचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा, आणि नंतर डोळ्याखालून घाला. जोडाक्षरं हमखास चुकतात.

आणि फोनवर?

पीएसपीचे गेम पीपीएसएसपीपीवर आयएसओमधून चालतात, जुने डॉसचे प्रोग्रॅम डॉसबॉक्सच्या अँड्रॉइड आवृत्त्यांवर चालतात. आयफोनवर ॲपलने एप्रिल २०२४ मध्ये रेट्रो गेम एम्युलेटरना परवानगी दिली, आणि जुलैत यूटीएमची एसई आवृत्ती आली. फोनची चिप आर्म पद्धतीची असल्याने विंडोज तिथे रांगत चालतो, मजा म्हणून ठीक आहे. प्लेस्टेशनच्या इमेज फार जागा खात असतील तर सीएचडीमध्ये बदला, काही न गमावता लहान होतात. आणि डीव्हीडीची इमेज मेमरी कार्डवर जात नसेल तर कार्ड फॅट-३२ आहे का बघा. त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट करा, पण आधी कार्डवरचं सगळं दुसरीकडे हलवून, कारण फॉरमॅटमध्ये ते पुसलं जातं.

कायद्याचं काय?

हा प्रश्न दर वेळी येतो. एम्युलेटर बनवणं हा मुळात गुन्हा नाही. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात अमेरिकेच्या अपील कोर्टाने २००० साली कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला होता. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ प्रोग्रॅमच्या कायदेशीर प्रतीच्या मालकाला, ती हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून बॅकअप घेऊ देतं. पण कॉपी प्रोटेक्शन तोडण्याबद्दल २०१२ मध्ये आलेलं ६५-अ हे वेगळं कलम आहे. आणि नेटवरून उतरवलेली दुसऱ्याची इमेज हा तुमचा बॅकअप नाही. शिवाय अशा फाइलसोबत व्हायरस फुकट येतो.

तर या रविवारी तीन कामं करा. एक, घरातल्या सीड्या एका ठिकाणी गोळा करा आणि आई-बाबांना विचारा कशात काय आहे, कारण लेबलवर 'बॅकअप २' एवढंच लिहिलेलं असतं. दोन, दुसरीकडे कुठेही मिळणार नाही अशा सीडीपासून सुरुवात करा. सिनेमाची सीडी थांबू शकते, घरच्या लग्नाची नाही. तीन, इमेजच्या दोन प्रती ठेवा, एक हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर.

चालवायचं कशात ते पुढच्या वर्षीही ठरवता येईल. एम्युलेटर दिवसेंदिवस चांगलेच होत आहेत. सीडीचं तसं नाही.

कुठे अडलात तर मेसेज करा, सीडीचा आणि एरर मेसेजचा फोटो जोडा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!