दुसऱ्या घराचे कुलूप

(मध्यमवर्गीय कुटुंबांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



चार आश्रमांत गृहस्थाश्रमाला आपल्या पूर्वजांनी श्रेष्ठ मानले, कारण उरलेल्या तिन्ही आश्रमांचा भार तोच वाहतो. या आश्रमाच्या नावातच 'गृह' आहे. आणि नेमके तेच गृह आज लहान शहरातील तरुण संसारांच्या आवाक्याबाहेर चालले आहे. मुंबई-पुण्याच्या भावांची चर्चा रोज होते. लातूर, नांदेड, सांगली, अकोला यांच्याकडे मात्र कोणी पाहत नाही.

लातूरचेच उदाहरण घेऊ. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे 3 लाख 83 हजार होती. 'लातूर पॅटर्न'च्या लौकिकामुळे मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून मुले येथे शिकायला येतात. त्यांच्या मागे खोल्या, खानावळी आणि अभ्यासिका आल्या, आणि त्यांच्याही मागे गुंतवणूकदार आला. तो काही परका धनदांडगा नव्हे; तो बहुधा आपल्यातलाच निवृत्त बँक अधिकारी, प्राध्यापक किंवा पुण्यात नोकरी करणारा गावचा मुलगा असतो. एक घर राहायला झाले, दुसरे 'असू द्यावे' म्हणून घेतले जाते. कोणी ते विद्यार्थ्यांना कॉट बेसिसवर देतो, कोणी सरळ कुलूप लावून ठेवतो. खाटेगणिक भाडे मिळू लागले की चौघांच्या कुटुंबाला तेवढे भाडे परवडत नाही, आणि भावही त्याच हिशेबाने चढतात. त्या भावाने घर विकत घेणे विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाला आयुष्यभर जमत नाही.

आता या गुंतवणुकीचा हिशेब मांडून पाहावा. समजा, सदनिका 35 लाखांची आहे. पदरचे 7 लाख घातले आणि 28 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी काढले, तर मासिक हप्ता सुमारे 24 हजार 300 रुपये बसतो. भाडे आले महिना 9 हजार, म्हणजे वर्षाला 1 लाख 8 हजार. किमतीच्या मानाने हे जेमतेम तीन टक्के झाले; घरपट्टी, सोसायटीची वर्गणी आणि एखादा रिकामा महिना वजा केला की तेवढेही उरत नाही. पहिल्या वर्षाचे व्याजच मात्र सुमारे 2 लाख 36 हजार होते. मग माणूस घेतो कशाच्या भरवशावर? उद्या भाव वाढेल, एवढ्याच. लहान शहरात तो वाढेलच असे नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे विसरून चालणार नाही. जेथे नळाला पाणी नाही तेथे चटईक्षेत्राचा भाव कागदावरच राहतो.

यावर कोणी म्हणेल, भाडे कमी मिळते म्हणूनच घर बंद ठेवतो. भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही. या भीतीला इतिहास आहे. मुंबई प्रांताच्या 1947 च्या कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. मराठवाड्यात 1954 चा हैदराबादचा कायदा होता, विदर्भाचा नियम आणखी निराळा. वाडे ढासळले, पण मालकाला डागडुजीपुरतेही भाडे मिळेना. अखेर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच या गोठवलेल्या भाड्यांच्या तरतुदी अवाजवी ठरवल्या, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 हा 31 मार्च 2000 पासून राज्यभर लागू झाला. त्याच्या कलम 24 प्रमाणे 'लीव्ह अँड लायसन्स'ची मुदत संपल्यावर घर रिकामे करून द्यावेच लागते. न दिल्यास दुप्पट दराने भरपाई, आणि दाद मागण्यासाठी स्वतंत्र सक्षम प्राधिकारी. कायदा बदलून पाव शतक लोटले, भीती मात्र वाड्याबरोबर वारशाने आली.

या भीतीची किंमत देशाने मोजली आहे. 2017-18 च्या आर्थिक पाहणीनुसार शहरांतील भाड्याच्या घरांचे प्रमाण 1961 मध्ये 54 टक्के होते, ते 2011 मध्ये 28 टक्क्यांवर आले. त्याच 2011 च्या जनगणनेत शहरी भागांत 1 कोटी 11 लाख घरे रिकामी आढळली, आणि त्यांत सर्वाधिक, सुमारे 20 लाख, महाराष्ट्रात. घरे नाहीत असे नव्हे. ती कुलपात आहेत. शासनाने 2015 पासून प्रधानमंत्री आवास योजना चालवली, 2024 मध्ये सुरू झालेल्या तिच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटकही आला. पण शेजारच्या इमारतीतील बंद दार उघडणे हे काही शासनाचे काम नव्हे.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी अर्थाचा अभाव आणि अर्थाचा प्रभाव, दोन्ही धर्माला घातक मानले होते. एका कुटुंबाला छप्पर नाही आणि दुसऱ्याचे छप्पर रिकामे, हे दोन्ही एकाच गल्लीत दिसते. स्वयंसेवकाने दुसरे घर घेऊ नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. म्हातारपणाची तरतूद हे गृहस्थाचे कर्तव्यच आहे. प्रश्न आहे तो घेतलेल्या घराचे पुढे काय, हा. वस्तीतील परिचारिका, बदलून आलेला तलाठी, नुकताच रुजू झालेला प्राध्यापक यांना ते वाजवी भाड्याने द्यावे, आणि तेही तोंडी नव्हे. 'ओळखीतलाच आहे, कागद कशाला' ही आपली भलेपणाची सवय येथे अंगाशी येते. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर वादात भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

ही नोंदणी आता आधार आणि अंगठ्याच्या ठशाने घरबसल्याही होते. नऊ हजार भाड्याच्या अकरा महिन्यांच्या कराराला, अनामत माफक असेल तर, पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क सुमारे 250 रुपये पडते आणि शहरी भागात नोंदणी फी 1000 रुपये. किरकोळ शासकीय आकार धरला तरी हा सगळा खर्च एका महिन्याच्या भाड्याच्या पाचव्या हिश्श्यात आटोपतो.