निकालावर अनुदान : विद्यापीठांची नगावरची मजुरी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यातील प्राथमिक शिक्षणाच्या मागणीचा उल्लेख आपल्या सभांतून नेहमी होतो. त्याच निवेदनातील एका लहानशा मुद्द्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. निकाल पाहून शाळांना अनुदान देण्याची जी पद्धत त्या काळी मुंबई इलाख्यात चालू होती, ती गरीब व अशिक्षित लोकांत शिक्षणाचा प्रसार करण्यास योग्य नाही, असे जोतीरावांनी त्यात स्पष्टपणे नमूद केले होते. त्यांचे कारण साधे होते. ज्या लोकांत शिक्षणाची गोडीच अजून निर्माण झालेली नाही, त्यांच्यात निकालाच्या भरवशावर शाळा काढून कोणता शिक्षक आपला चरितार्थ चालवू शकेल? तेथे सरकारी शाळाच हव्यात आणि खास उत्तेजनही हवे.

ही पद्धत मूळची इंग्लंडची. १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने तेथील प्राथमिक शाळांना ती लागू झाली. वर्षातून एकदा निरीक्षक यायचा, मुलांची वाचन, लेखन आणि अंकगणित या तीन विषयांत परीक्षा घ्यायचा, आणि जितकी मुले उत्तीर्ण तितके शिलिंग शाळेच्या पदरात पडायचे. परिणाम व्हायचा तोच झाला. इतिहास-भूगोल मागे पडले आणि मुले वाचनाचे पुस्तक तोंडपाठ करू लागली. स्वतः शाळा-निरीक्षक असलेल्या मॅथ्यू अर्नोल्ड या साहित्यिकाने या पद्धतीवर सतत टीका केली. अखेर एकोणिसावे शतक संपण्यापूर्वी इंग्लंडने ती सोडून दिली. शंभर वर्षांच्या आत त्याच इंग्लंडने ती पुन्हा उचलली. फरक इतकाच की या वेळी ती विद्यापीठांना लावली.

ब्रिटनमध्ये १९१९ साली विद्यापीठ अनुदान समिती स्थापन झाली. सरकारने ठोक रक्कम द्यायची, समितीने ती वाटायची आणि विद्यापीठाने ती आपल्या विचाराने खर्च करायची, अशी व्यवस्था पुढे अनेक दशके चालली. अनुदान बहुधा पाच वर्षांसाठी ठरत असे. सत्तरच्या दशकातील महागाईत पंचवार्षिक अनुदानाची ही घडी विसकटली, आणि १९८१ साली थॅचर सरकारच्या कपातीने तिच्यावर घाव घातला. कपात सर्वांना सारखी नव्हती. मँचेस्टरलगतच्या सॅल्फर्ड या कामगारवस्तीच्या शहरातील विद्यापीठाला सुमारे ४४ टक्के अनुदानाला मुकावे लागले. कुणाला किती कापले आणि का, याचे समाधानकारक उत्तर समितीजवळ नव्हते. तेव्हा पुढच्या वाटपाला काही उघड आधार हवा, या विचारातून १९८६ साली संशोधनाच्या मूल्यमापनाची पहिली फेरी झाली. म्हणजे गुणवत्तेच्या मोजमापाचा जन्म पैशाच्या टंचाईतून झाला आहे. संपन्नतेच्या काळात ही कल्पना कुणाला सुचली नाही, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्यानंतर १९८९, १९९२, १९९६, २००१ आणि २००८ अशा फेऱ्या झाल्या. पुढे नाव बदलले. २०१४ व २०२१ च्या फेऱ्या नव्या नावाने पार पडल्या. प्रत्येक विषयाच्या तज्ज्ञांचे मंडळ विभागांनी पाठवलेले लेख व ग्रंथ तपासते, श्रेणी देते, आणि त्या श्रेणीवर पुढील काही वर्षांचे संशोधन-अनुदान ठरते. २०१४ च्या फेरीत १५४ संस्थांमधील ५२ हजारांहून अधिक अध्यापकांची एक लाख ९१ हजारांवर प्रकाशने तपासण्यात आली. खर्च २४ कोटी ६० लाख पौंड, आणि त्यातला बहुतेक भार खुद्द विद्यापीठांवर. २०२१ च्या फेरीचा खर्च ४७ कोटी पौंडांच्या घरात गेला. वाटल्या जाणाऱ्या रकमेच्या मानाने हा खर्च थोडा आहे, असे समर्थक म्हणतात, आणि आकड्यांपुरते ते खरेही आहे. परंतु फेरीपूर्वीची दोन-दोन वर्षे जे अध्यापक एकमेकांच्या लेखांना खाजगीत गुण देत बसतात, त्यांच्या त्या वेळात काय घडू शकले असते, हे कोणत्याही ताळेबंदात येत नाही.

या पद्धतीच्या बाजूने काही बोलण्यासारखे नाही असे नव्हे. जुनी समिती बंद दाराआड निर्णय घेत असे, आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची ओळखपाळख त्या दारातून सहज आत जात असे. नव्या पद्धतीने निदान कसोटी उघड केली. २००८ च्या फेरीत तर एक विलक्षण गोष्ट दिसून आली. १९९२ नंतर विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या अनेक जुन्या तंत्रनिकेतनांत उत्तम संशोधन चालू आहे, हे तज्ज्ञांच्या मंडळांनीच मान्य केले. प्रस्थापितांच्या मक्तेदारीला तडा जाण्याची ही संधी होती.

पुढे काय झाले, ते मात्र नीट पाहिले पाहिजे. त्या फेरीत चार तारे, तीन तारे, दोन तारे अशा श्रेणी होत्या. आरंभी अनुदानाचे प्रमाण चार ताऱ्यांना सात, तीनांना तीन आणि दोनांना एक असे ठरले. वर्षभराने सातचे नऊ झाले. त्यानंतर दोन ताऱ्यांच्या कामाचा वाटा कमी झाला आणि २०१२-१३ पासून शून्यावर आला. या दोन ताऱ्यांचा अधिकृत अर्थ ‘आंतरराष्ट्रीय मान्यता असलेले काम’ असा होता! परीक्षा होऊन गेली, निकाल लागला, आणि उत्तीर्ण होण्याची मर्यादा नंतर वर सरकवण्यात आली. पैसा पसरू लागताच तो पुन्हा मूठभरांकडे वळवण्यात आला. मोजपट्टी तज्ज्ञांच्या हाती असली, तरी तिच्यावरच्या खुणांची किंमत तिजोरीच ठरवते, हा या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. गुणवत्तेच्या चर्चेत रंगलेल्या प्राध्यापकवर्गाला तो सहसा दिसत नाही.

अशा व्यवस्थेत विभाग कसे बंद पडतात, याचे बर्मिंगहॅम हे बोलके उदाहरण आहे. तेथे १९६४ साली रिचर्ड हॉगर्ट यांनी समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचे केंद्र सुरू केले, आणि पुढे स्टुअर्ट हॉल यांच्या नेतृत्वाखाली ते नावारूपाला आले. कामगारवर्गाचे जीवन, वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी, वंशद्वेष हे विषय गंभीर अभ्यासाचे आहेत, हे जगातील विद्यापीठांना शिकवण्यात या केंद्राचा वाटा मोठा आहे. २००१ च्या फेरीत त्याचा वारसा चालवणाऱ्या विभागाला ‘३ अ’ ही श्रेणी मिळाली, आणि २००२ च्या उन्हाळ्यात विद्यापीठाने तो विभाग बंद केला. अध्यापनाच्या स्वतंत्र मूल्यमापनात याच विभागाला २४ पैकी २४ गुण मिळालेले होते. परंतु त्या गुणांना संशोधनाच्या श्रेणीसारखे अनुदान चिकटलेले नव्हते.

रसायनशास्त्राचे तसेच. प्रयोगशाळा महाग, विद्यार्थी कमी, आणि वरच्या श्रेणीखेरीज संशोधनाला पुरेसा पैसा नाही, असा तिहेरी पेच पडल्यावर लंडनच्या किंग्ज कॉलेजने आणि पाठोपाठ एक्सेटर विद्यापीठाने हे विभाग मोडीत काढले. एक्सेटरचा निर्णय २००४ साली जाहीर झाला, तेव्हा नोबेल पारितोषिकाचे मानकरी हॅरल्ड क्रोटो यांनी त्या विद्यापीठाने दिलेली सन्माननीय पदवी परत केली.

ज्यांचे विभाग टिकले, त्यांच्या कामाची जातही बदलली. ठरावीक मुदतीत ठरावीक संख्येने प्रकाशने द्यायची, म्हणजे दहा वर्षे लागणारा ग्रंथ कुणी हाती घ्यायचा? पीटर हिग्ज यांनी १९६४ साली मांडलेल्या कल्पनेची प्रयोगाने खात्री पटली ती २०१२ साली. १९६४ नंतरच्या काळात त्यांचे मोजकेच लेख प्रसिद्ध झाले. मूल्यमापनाच्या वेळी विभाग प्रकाशनांची यादी मागवी आणि हिग्ज ‘काही नाही’ असे कळवीत. आजच्या काळात आपल्याला विद्यापीठात नोकरी मिळाली नसती, असे त्यांनी २०१३ साली नोबेल स्वीकारण्याच्या सुमारास एका वृत्तपत्राला सांगितले.

दुसरीकडे, २०१४ च्या नियमांत आठवड्याला एक दिवसाची नेमणूक असलेला अध्यापकही गणनेस पात्र होता. तेव्हा परदेशातील नामवंतांना एका दिवसाच्या नेमणुका देऊन त्यांचे लेख आपल्या नावावर लावण्याची चढाओढ लागली. सहकारी संस्थांच्या निवडणुकीआधी सभासद कसे वाढतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पुढे संशोधनाची जबाबदारी असलेल्या सर्वांनाच गणनेत धरण्याचा नियम झाला, तेव्हा अनेक अध्यापकांच्या करारावर ‘केवळ अध्यापन’ असा शिक्का बसला. वर्ग त्यांनी घ्यायचे, विद्यार्थ्यांच्या अडचणी त्यांनी ऐकायच्या, आणि मोजणीच्या दिवशी मात्र ते अस्तित्वातच नसायचे.

बँक ऑफ इंग्लंडमधील अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणासंबंधी एक निरीक्षण नोंदवले होते. नियंत्रणासाठी एखाद्या मापावर दाब दिला, की त्या मापाचा भरवसा उरत नाही, असा त्याचा आशय. पण आपल्या कार्यकर्त्यांना हे कळण्यासाठी बँक ऑफ इंग्लंडपर्यंत जाण्याची गरज नाही. सोलापूरच्या किंवा सिन्नरच्या विडी कामगार स्त्रीला विचारावे. मजुरी हजारावर मिळते, दिवसावर नाही. विडी चांगली की वाईट हे मालकाचा माणूस ठरवतो आणि नापसंत विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढतो. पाने ओली मिळाली की तंबाखू कमी, याचा हिशेब छाट काढणारा करीत नाही. नगावरची मजुरी कामाची जोखीम मालकाच्या खांद्यावरून कामगाराच्या खांद्यावर टाकते. निकालावरचे अनुदान नेमके हेच करते : शासनाची जबाबदारी विद्यापीठावर, विद्यापीठाची विभागावर, आणि अखेर विभागाची कंत्राटी अध्यापकावर.

भारतात हे वारे २०१० नंतर जोराने वाहू लागले. त्या वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या नेमणुका व बढत्यांसाठी गुणांकाची पद्धत आणली. लेखाला गुण मिळू लागताच पैसे घेऊन लेख छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार उभा राहिला. २०१८ च्या मे महिन्यात आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात काढून टाकावी लागली. मग निवडक नियतकालिकांची नवी यादी आली, तिचे काम पुण्याच्या विद्यापीठात चाले. २०२५ साली तीही बंद करण्यात आली. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानाने राज्यांच्या विद्यापीठांचे अनुदान मूल्यांकनाशी आणि अटींच्या पूर्ततेशी जोडले. मूल्यांकनाला पैशाची किंमत आली, की ते विकत घेण्याचाही मोह आलाच. २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘नॅक’च्या पाहणी समितीतील सदस्यांना लाचखोरीच्या आरोपावरून अटक केली. एवढ्यावर न थांबता, २०१७ साली स्थापन झालेल्या वित्त संस्थेकडून उच्च शिक्षणसंस्थांना अनुदानाऐवजी कर्ज देण्याचीही सोय करण्यात आली.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर अटींमधील विसंगती उघड आहे. मूल्यांकनात पूर्णवेळ, पीएच.डी. झालेल्या अध्यापकांना महत्त्व. आणि ती पदे भरण्याची परवानगी ज्याने द्यायची, ते राज्य शासन वर्षानुवर्षे पदे रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर काम भागवणार. श्रेणी घसरली की दोष महाविद्यालयाचा! मेळघाटातून किंवा धडगावहून आलेला, घराण्यातला पहिलाच पदवीपर्यंत पोचणारा विद्यार्थी तीनऐवजी पाच वर्षांत उत्तीर्ण झाला, तर ज्या महाविद्यालयाने त्याला पाच वर्षे धरून ठेवले त्याचा निकाल खराब ठरतो. जो शहरी संस्थाचालक अशा विद्यार्थ्याला दारातूनच परत पाठवतो, त्याचा निकाल चांगला. जोतीरावांनी प्राथमिक शाळेसंबंधी जे हेरले, ते पदवीच्या वर्गालाही जसेच्या तसे लागू पडते.

यावर, मग हिशेब मागायचाच नाही काय, असा प्रश्न विरोधक विचारतील. अवश्य मागावा. कामचुकार अध्यापकाचे समर्थन करणे हे समाजवाद्यांचे काम नाही, आणि संस्थाचालकांच्या मनमानीचे तर मुळीच नाही. परंतु दोष दाखवणारी तपासणी आणि पैसा कापणारी तपासणी एकच असता कामा नये. पहिल्या तपासणीत माणूस चूक कबूल करतो. दुसरीत तो ती लपवतो. जे महाविद्यालय तपासणीत दुबळे आढळेल, त्याला अधिक अध्यापक व अधिक ग्रंथ मिळाले पाहिजेत, कारण तेथील विद्यार्थ्यांना दुसरे महाविद्यालय उपलब्ध नसते.

राज्यातील विद्यापीठांच्या अधिसभांवर नोंदणीकृत पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून जातात, आणि विद्यापीठाचा अर्थसंकल्प त्या सभेपुढे येतो. आपले जे कार्यकर्ते तेथे आहेत किंवा पुढील निवडणुकीत उभे राहतील, त्यांनी काही माहिती लेखी मागवावी. विद्यापीठाच्या एकूण उत्पन्नात शासनाच्या वेतन-अनुदानाचा वाटा गेल्या दहा वर्षांत किती राहिला? शुल्काचा किती वाढला? मूल्यांकनाच्या तयारीवर, सल्लागारांच्या मानधनासह, किती खर्च झाला? आणि मंजूर पदांपैकी किती भरलेली आहेत? ही चारही उत्तरे एका तक्त्यात शेजारीशेजारी मांडून घ्यावीत, आणि मगच श्रेणीवर चर्चा सुरू होऊ द्यावी.