खेड्यातील ग्रंथपाल आणि आपले मंडळ
(पाली, जि. बीड येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



शिष्यवृत्त्या व वसतिगृह यांविषयी सकाळपासून पुष्कळ विचारविनिमय झाला. आम्ही आज अशा एका सेवकाविषयी बोलू इच्छितो, की ज्याचे नाव आपल्या सत्काराच्या यादीत सहसा येत नाही. तो म्हणजे खेड्यातील ग्रंथपाल.

आपला मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1955 सालीच केला; महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. तेव्हा कायद्यात आपण मागे नव्हतो. उणीव आहे ती माणसाच्या पाठबळाची. 2022 साली शासनाने अनुदानात 60 टक्के वाढ केली, तेव्हा ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान 48,000 रुपये झाले. त्यातील निम्मे वेतनाकडे गेले असे धरले, तर ग्रंथपालाच्या हाती महिन्याला 2,000 रुपये पडतात. एवढ्यावर तो दार उघडतो, झाडलोट करतो, नोंदवह्या लिहितो आणि तपासणीच्या दिवशी एकटाच उत्तरे देतो. शंका आली तर त्याने विचारावे कोणास?

जिल्हा ग्रंथालय संघ प्रशिक्षणाचे वर्ग चालवितात, अधिवेशने भरवितात. ही कामे मोलाची खरी. परंतु वर्ग भरतो जिल्ह्याच्या गावी. पालीकरांस बीड जवळ आहे. बालाघाटाच्या डोंगरातील वाडीवरून येणाऱ्याचा दिवसही जातो आणि भाडेही. मद्रास ग्रंथालय संघ 1928 साली स्थापन झाला व डॉ. रंगनाथन त्याचे चिटणीस होते. त्यांच्याच प्रोत्साहनाने 1931 साली मन्नारगुडीच्या परिसरात बैलगाडीतून गावोगाव पुस्तके जाऊ लागली. पुस्तके गाडीत बसून खेड्यात जाऊ शकतात, तर संघाचा जाणता कार्यकर्ता का जाऊ नये? महिन्यातून एक दिवस त्याने गावच्या ग्रंथपालाजवळ बसावे, वर्गीकरण समजावून द्यावे, तपासणीचे कागद जुळवून द्यावेत.

आपल्या जिल्ह्याची अडचण तर निराळीच आहे. दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात व उन्हाळ्यातच परततात. पुस्तक द्यावे, तर परत केव्हा येईल याची शाश्वती नाही. न द्यावे, तर आईबापांबरोबर फडावर गेलेल्या मुलाचे वाचन तुटते. यावरचा तोडगा मुंबई-पुण्याच्या ग्रंथपालास सुचावयाचा नाही. तो आष्टी, पाटोदा, केज येथील ग्रंथपालांनीच एकत्र बसून काढावा लागेल, आणि त्यांना एकत्र बसविणे हेच संघाचे खरे काम आहे.

यात मंडळाचा वाटा लहान, पण निश्चित असावा. दरवर्षी दोन ग्रंथपालांची प्रशिक्षणाची फी व प्रवासखर्च आपण उचलावा. ग्रंथभेट द्यावयाची ती ग्रंथपालाच्या यादीप्रमाणे द्यावी. घरातील जुनी क्रमिक पुस्तके वाचनालयात नेऊन टाकणे व त्यास दान म्हणणे आता पुरे. तो ग्रंथपाल आपल्या ज्ञातीचा असो वा नसो. वाचनालय सर्वांचे आहे, तेव्हा साहाय्य देतानाही जात पाहावयाची नाही.

वधूवरांच्या नोंदवहीशेजारी चिटणिसांनी आज एक कोरी वही ठेवली आहे. घरी परतण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपल्या गावच्या ग्रंथपालाचे नाव व त्याची सर्वांत मोठी नड तीत लिहून द्यावी, एवढी विनंती आहे.